०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरला किनारपट्टीच्या हवेत टिकेल असा मुलामा कोणता द्यावा?

काजूबाग_वेंगुर्ले यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार झालेले ०.३२ बोअरचे, नळी खाली झुकवून उघडायचे रिव्हॉल्व्हर माझ्याकडे परवान्यावर आहे. आमचा काजूप्रक्रियेचा व्यवसाय असून हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री उशिरा प्रवास करावा लागतो, त्यासाठीच हे शस्त्र घेतलेले आहे. घर समुद्राला लागून असल्यामुळे खिडकीचे गज आणि दाराच्या कड्या दर दोन-तीन वर्षांनी रंगवाव्या लागतात, यावरून इथल्या हवेची कल्पना यावी.

कारखान्यातून आलेली काळसर निळी झिलई आता नळीच्या टोकाशी, सिलिंडरच्या बाहेरच्या कडांवर आणि चापाभोवतीच्या कड्याच्या पुढच्या भागावर पूर्ण उडालेली असून तिथे उघडे लोखंड दिसते. मागच्या निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा केले होते. ते परत मिळाले तेव्हा मुठीच्या पट्ट्यांच्या कडेने तांबूस ठिपके आलेले होते आणि पट्ट्या उतरवल्यावर आतल्या सांगाड्यावर गंजाचा बारीक, खरबरीत थर सापडला. नळीच्या आत मात्र गंज नाही आणि सिलिंडर नीट जागच्या जागी थांबते.

आमच्याकडचे शस्त्रदुरुस्ती करणारे परवानाधारक कारागीर पुन्हा ब्ल्यूइंग करा म्हणतात. माझा भाचा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, त्याच्या मते हार्ड क्रोमइतके टिकाऊ दुसरे काही नाही. एका परिचितांनी निकेल सुचवले, तर अलीकडे सिरॅमिकच्या रंगाबद्दल पुष्कळ वाचायला मिळते. शस्त्र दिसायला कसे असेल याचे मला फारसे महत्त्व नाही. पावसाळ्याचे चार महिने ते गंजाविना राहावे आणि अंगावर बाळगल्यावर घामाने खराब होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. यापैकी काय निवडावे, आणि जाड थर दिल्यामुळे हलणारे भाग अडकण्याचा धोका किती, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निवृत्त_आर्मरर यांचे उत्तर

नमस्कार. मुलाम्याचा प्रश्न हाती घेण्याआधी कायद्याच्या दोन बाबी स्पष्ट करतो, कारण त्यांच्यावरच पुढची निवड अवलंबून आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे आपले रिव्हॉल्व्हर उचलून औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंगच्या कारखान्यात नेऊन देण्याचा विचार मनातून काढून टाकावा. काम कोणतेही असो, ते परवानाधारक कारागिराच्या किंवा शस्त्रविक्रेत्याच्या मार्फत आणि पावतीनिशीच झाले पाहिजे. दुसरी बाब अशी की कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक आणि ओळखचिन्हे पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. कोणताही मुलामा देण्यापूर्वी पृष्ठभाग घासावा लागतो आणि अतिउत्साही घासकामात अक्षरे पुसट होतात, म्हणून काम देण्याआधी क्रमांकाची स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्या भागावर बफिंगचे चाक अजिबात लावू नये असे कारागिराला लेखी सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ब्ल्यूइंग म्हणजे लोखंडाच्या पृष्ठभागाचेच मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये केलेले रूपांतर होय. गरम पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचे पाण्यातले दाट मिश्रण साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत उकळवून त्यात भाग बुडवतात. तयार होणारा थर जेमतेम एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास असतो. तो सच्छिद्र असतो आणि स्वतःच्या बळावर गंज अडवत नाही; त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे. तेल सुकले की किनारपट्टीवर ब्ल्यूइंग आणि उघडे लोखंड यांत फारसा फरक उरत नाही. आपले शस्त्र जमा असताना नेमके हेच घडले असावे.

असे असूनही मी आपल्या शस्त्रासाठी ब्ल्यूइंगच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण या रिव्हॉल्व्हरच्या रचनेत आहे. कानपूरचे हे रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या नमुन्यावर बेतलेले आहे. त्याची नळी आणि सिलिंडर पुढच्या बिजागरीवर खाली झुकतात, आणि बंद केल्यावर वरचा खटका नळीच्या मागच्या टोकाला सांगाड्याशी जखडून ठेवतो. या खटक्याची पकड, बिजागरीची खीळ, आणि सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाला भिडणारे एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीचे दाते, या तीन ठिकाणी मोजमाप अगदी नेटके असावे लागते. खटक्याची बैठक घासून कमी झाली तर नळी बंद असतानाही किंचित हलू लागते आणि ती ढिलाई प्रत्येक गोळीबरोबर वाढत जाते. तिथे थर जास्त चढला तर खटका पूर्ण बसत नाही. ब्ल्यूइंगमुळे माप जवळजवळ बदलत नाही, म्हणून या रचनेला ते सर्वांत कमी धोक्याचे आहे.

त्यातही मिळत असेल तर संथ पद्धतीचे, म्हणजे गंज चढवून केलेले ब्ल्यूइंग मागावे. यात द्रावण लावून दमट पेटीत मुद्दाम बारीक गंज येऊ देतात, मग भाग शुद्ध पाण्यात उकळतात, त्यामुळे तांबडा गंज काळा होतो, आणि अत्यंत बारीक तारेच्या ब्रशने सुटी भुकटी झाडून पुन्हा तीच क्रिया करतात. अनेक फेऱ्यांनंतर येणारा थर गरम पद्धतीपेक्षा जाड आणि चिवट असतो. वेळ पुष्कळ लागतो आणि हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या भागात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ज्यांच्याकडे जुन्या दुनळी बंदुका आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण दोन नळ्या जोडणारे मऊ झाळकाम गरम कॉस्टिकच्या टाकीत खाल्ले जाते आणि नळ्या सुटू शकतात. अशा बंदुकांना संथ पद्धतच चालते.

बाजारात मिळणारे बाटलीतले थंड ब्ल्यूइंग फक्त एखादा ओरखडा झाकण्यापुरते आहे. ते बहुतेक वेळा सेलेनियमच्या संयुगावर आधारलेले व विषारी असते, आणि होल्स्टरमध्ये चार वेळा ये-जा झाली की पुसले जाते.

मुलामा_अभियंता_पिंपरी यांचे उत्तर

मी शस्त्रदुरुस्ती करत नाही. वाहनांच्या आणि हायड्रॉलिक यंत्रांच्या भागांवर धातूचे मुलामे देण्याच्या कामात माझी नोकरीची सारी वर्षे गेली आहेत. आर्मरर साहेबांनी सांगितलेली कायद्याची आणि मोजमापांची बाजू मला पूर्ण मान्य आहे, परंतु समुद्रकाठी राहणाऱ्या आणि शस्त्र अंगावर बाळगणाऱ्या माणसाला तेलावर जगणारा मुलामा सुचवणे मला पटत नाही. घाम आणि खारी हवा या दोन्हींत क्लोराइड असते, आणि क्लोराइड जिथे पोहोचते तिथे तेलाचा पातळ थर फार काळ तग धरत नाही.

सर्वप्रथम भाचेसाहेबांच्या हार्ड क्रोमबद्दल लिहितो, कारण हा गैरसमज आमच्या क्षेत्रातही सर्रास आढळतो. हार्ड क्रोम अतिशय कठीण असते, रॉकवेल सी मोजपट्टीवर ते ६५ ते ७० च्या दरम्यान येते, आणि घर्षणाविरुद्ध त्याला तोड नाही. मात्र कठीण असणे आणि गंज अडवणे हे दोन निरनिराळे गुण आहेत. हार्ड क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगांचे जाळे असते. हायड्रॉलिकच्या दांड्यांवर ते टिकते, कारण तिथे थर जाड असतो आणि तेलाचा संपर्क कायम असतो. रिव्हॉल्व्हरवर देता येईल एवढ्या पातळ थरातून, खाली निकेल नसेल तर, ओलावा लोखंडापर्यंत पोहोचतो. शिवाय विजेच्या साहाय्याने दिलेला कोणताही मुलामा कडांवर जास्त आणि खोलगट भागात कमी बसतो. सिलिंडरच्या खाचांची कड जाड आणि तळ पातळ अशी अवस्था होते, म्हणजे जिथे ओल साचते तिथेच संरक्षण कमी पडते.

माझी शिफारस इलेक्ट्रोलेस निकेलची, आणि त्यातही जास्त फॉस्फरसच्या प्रकाराची आहे. यात वीज वापरली जात नाही. निकेलचा क्षार आणि सोडियम हायपोफॉस्फाइट यांच्या साधारण ९० अंशांच्या द्रावणात रासायनिक क्रियेनेच निकेल आणि फॉस्फरस यांचा मिश्रथर भागावर बसतो, त्यामुळे खाच असो, कड असो किंवा भोक असो, जाडी सगळीकडे जवळपास सारखी येते. फॉस्फरसचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले की या थराला स्फटिकांची रचना राहत नाही. स्फटिकांच्या सीमा नाहीत म्हणून गंजाला आत शिरायला वाट मिळत नाही. हाच थर ४०० अंशांना तापवला तर त्याची कठीणता क्रोमच्या जवळ जाते, पण त्यात स्फटिक तयार होऊन बारीक भेगा पडतात आणि गंजरोधक गुण घटतो. म्हणून जास्त कठीण करून देतो असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. ४०० अंशांना शस्त्राच्या काही भागांचे मूळ पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरण्याचाही धोका असतो.

जाडीचा हिशेब असा मांडावा. चांगल्या संरक्षणासाठी १२ मायक्रॉनच्या खाली जाऊ नये. १२ मायक्रॉनचा थर एखाद्या गोल भोकाच्या आतून बसला की भोकाचा व्यास २४ मायक्रॉनने कमी होतो, आणि त्यात बसणाऱ्या खिळीवरही तोच थर असेल तर तिचा व्यास २४ मायक्रॉनने वाढतो. म्हणजे एकूण ४८ मायक्रॉनची मोकळीक संपते. बिजागरीसारख्या जोडणीत एवढी मोकळीक मुळातच असेल असे नाही. म्हणून बिजागरीची खीळ आणि तिचे भोक, वरच्या खटक्याची बैठक, एक्स्ट्रॅक्टरची चांदणी, सिलिंडरची काडतुसे बसणारी घरे आणि नळीचा आतला भाग हे सारे झाकून मगच मुलामा द्यायचा. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट रिव्हॉल्व्हरांमध्ये साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असते असे मी वाचले आहे. समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर १२ मायक्रॉन चढले तर ती ०.०२४ मिलिमीटरने घटेल. हे बहुधा चालून जाईल, तरी मूळ फटच अरुंद असेल तर हे दोन पृष्ठभागही झाकलेले बरे.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. गंजाच्या बाबतीत निकेल हे लोखंडापेक्षा उच्च धातू आहे. जस्ताचा मुलामा फुटला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, पण निकेलला सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तर त्या छिद्राखालचे लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही वेगाने खाल्ले जाते. त्यामुळे मुठीखाली जो गंज लागला आहे तो शेवटच्या कणापर्यंत निघाल्याशिवाय निकेल देऊ नये. खड्डे पडले असतील तर ते निकेलने बुजत नाहीत, उलट चकाकीमुळे अधिक दिसतात, आणि त्यांच्या तळाशी गंज राहिला तर थर तिथूनच सुटतो.

शेवटची गोष्ट ठिसूळपणाची आहे. गंज काढताना वापरलेल्या आम्लातून आणि मुलाम्याच्या टाकीतून हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कठीण पोलादाचे भाग त्यामुळे अचानक तुटू शकतात. काम झाल्यावर काही तासांच्या आत भाग १९० ते २०० अंशांवर पुरेसा वेळ भाजला तर हा हायड्रोजन निघून जातो. स्प्रिंगांना कोणताही मुलामा देऊ नये. घोडा आणि चाप जिथे एकमेकांत अडकतात त्या टोकांनाही हात लावू नये, कारण तिथला कोन किंचित बदलला तरी चाप न दाबता घोडा सुटण्याची शक्यता निर्माण होते.

काजूबाग_वेंगुर्ले

दोघांचेही मनापासून आभार. मुठीखालचा गंज तेल लावून अत्यंत बारीक स्टीलवूलने हलक्या हाताने घासला असता बराचसा निघाला. दोन ठिकाणी मात्र टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. निकेलची चकाकी रात्रीच्या वेळी नको वाटते, म्हणून विचारतो की सिरॅमिकचा काळा रंग किंवा नायट्रायडिंग हे पर्याय आपल्या विचारात का आले नाहीत?

गल्फकोस्ट_मराठी यांचे उत्तर

मी टेक्ससच्या किनाऱ्याजवळ राहतो. इथली उन्हाळ्यातली हवा कोकणातल्या हवेपेक्षा फार वेगळी नाही, आणि शस्त्र कमरेला लावून दिवसभर घामात वावरणारी माणसे आजूबाजूला पुष्कळ आहेत, म्हणून या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो.

सिरॅमिक रंग म्हणजे सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेला पॉलिमरचा लेप. सेराकोट हे त्यातले सर्वांत परिचित नाव आहे. पृष्ठभाग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीच्या झोताने खरबरीत करून त्यावर फवारा मारतात आणि नेहमीच्या प्रकारात सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन तास भाजतात. ओलावा आणि मीठ अडवण्यात हा लेप खरोखर उत्तम आहे, रंग काळा आणि बिनचकाकीचा मिळतो, आणि एवढ्या कमी तापमानाने पोलादाला काहीही होत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलांच्या स्लाइडवर आणि रायफलींच्या नळ्यांवर तो सर्रास वापरला जातो.

तरीही रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मी जपून बोलेन. या लेपाची जाडी सुमारे २५ मायक्रॉन असते, म्हणजे अभियंत्यांनी मांडलेला हिशेब इथे दुप्पट होतो. दुसरे असे की रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि सिलिंडर यांच्या फटीतून प्रत्येक गोळीबरोबर तप्त वायू बाजूला फुटतो. सिलिंडरचे तोंड, त्याच्या वरची सांगाड्याची पट्टी आणि नळीचा मागचा काठ इथे कोणताही रंग करपतो आणि उडतो. तिसरे, सिलिंडर थांबवणारा खटका सिलिंडरच्या पाठीवर जिथे घासतो तिथे रेघ उमटतेच. ब्ल्यूइंगवर ती चमकदार रेघ म्हणून दिसते, लेपावर मात्र ती खोबण होत जाते. आपले शस्त्र रोज सरावाला वापरले जात नसेल तर हे दोष हळूहळू दिसतील, पण दिसतील हे निश्चित. मला विचाराल तर नळीची बाहेरची बाजू, सांगाड्याच्या बाजू आणि मुठीखालचा भाग एवढ्यापुरता हा लेप योग्य आहे. मुठीखालच्या खड्ड्यांसाठी तर तो निकेलपेक्षा सोयीचा पडेल, कारण झोताने खड्ड्याचा तळ साफ होतो आणि लेप त्यात चांगला पकडतो.

नायट्रायडिंग म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणे; त्यासाठीच्या क्षारांच्या टाकीचे तापमान साधारण ५६० ते ५८० अंश असते. नवे शस्त्र तयार करताना पोलाद आणि त्याचे पाणी त्या तापमानाला झेपेल असे ठरवलेले असते, तिथे ती पद्धत अप्रतिम आहे. आधीच तयार झालेल्या, ज्याचे पोलाद आणि पाणी आपल्याला ठाऊक नाही अशा रिव्हॉल्व्हरवर मात्र ती कधीही करू नये. मुद्दाम कठीण केलेले भाग मऊ पडू शकतात. डीएलसी नावाचा हिऱ्यासारख्या कार्बनचा थर अवघा दोन ते चार मायक्रॉनचा आणि विलक्षण कठीण असतो, परंतु त्यातही सूक्ष्म छिद्रे राहतात. स्टेनलेसवर तो शोभतो, साध्या पोलादावर एकट्याने गंज अडवण्याचे काम त्याला देऊ नये.

स्टेनलेसचा उल्लेख निघालाच आहे तर सांगतो की स्मिथ अँड वेसनने १९६५ मध्ये मॉडेल ६० हे स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा अंगावर शस्त्र बाळगणाऱ्यांची मोठी अडचण दूर झाली. पण शस्त्रांसाठी वापरले जाणारे ४१० किंवा ४१६ सारखे स्टेनलेस हे स्वयंपाकघरातल्या ३०४ इतके गंजरोधक नसते. घाम पुसला नाही तर त्यावरही तपकिरी ठिपके येतात. इथल्या दमट उन्हाळ्यात असे ठिपके मी अनेक शस्त्रांवर पाहिले आहेत.

निवृत्त_आर्मरर

अभियंत्यांचे म्हणणे वाचून माझे मत मी थोडे बदलतो. शस्त्र नुसते कपाटात राहणार असते तर संथ ब्ल्यूइंगवर मी ठाम राहिलो असतो. परंतु ते घामात वावरते, त्यामुळे बाहेरच्या बाजूंना अधिक भक्कम संरक्षण हवे हे मान्य आहे. सिरॅमिकचा लेप फक्त बाहेरच्या स्थिर पृष्ठभागांवर आणि मुठीखाली, आणि सिलिंडर, बिजागरी, खटका व आतली सारी यंत्रणा ब्ल्यूइंगवर ठेवावी, ही जुळणी मला सर्वांत समंजस वाटते. ब्रिटिश लष्करी शस्त्रांवर फॉस्फेटच्या थरावर भाजलेला काळा रंग देण्याची पद्धत होती, तीही याच विचाराची होती. फॉस्फेटचा थर सच्छिद्र असल्यामुळे रंगाला आणि तेलाला दोघांनाही धरतो. कारागिराकडे मँगनीज फॉस्फेटची सोय असेल तर तेही विचारून पाहावे, मात्र तो थर खरबरीत असतो, म्हणून सिलिंडरवर नको.

यानंतर मी जे लिहितो ते मुलाम्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात कधीही ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात राहतात, चामडे हवेतली ओल शोषते, आणि मग ती ओल दिवसरात्र लोखंडाला लागून राहते. होल्स्टरमध्ये विसरलेल्या शस्त्रावर टाक्यांच्या रेषेत उमटलेला गंज मी कित्येकदा पाहिला आहे. होल्स्टर बाहेर टांगावे आणि शस्त्र पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात कुलूपबंद ठेवावे. रंगीत दाण्यांचे सिलिका जेल ओले झाले की रंग बदलते, तेव्हा ते तापवून पुन्हा वापरता येते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो, आणि कोकणात पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते.

बाहेरच्या भागावर तेलापेक्षा मेण अधिक टिकते. वस्तुसंग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण बोटाने अगदी पातळ चोळून मऊ फडक्याने पुसावे. आतल्या यंत्रणेत मात्र मेण नको, तिथे शस्त्रांचे हलके तेलच हवे. खोबरेल किंवा दुसरे कोणतेही खाद्यतेल वापरू नये. ते काही महिन्यांत चिकट होऊन घोडा जड करते.

आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची वेळ येईल तेव्हा ते रिकामे असल्याची खात्री करून, बाहेरून मेण आणि आतून तेल लावून, गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात गुंडाळून द्यावे. यंत्रांचे भाग पाठवताना हा कागद वापरतात आणि औद्योगिक पुरवठादारांकडे तो सहज मिळतो. जमा करण्याच्या ठिकाणी कागद काढून टाकू नये अशी विनंती करावी, आणि नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय असेल तर ती निवडावी, कारण तिथे मधूनमधून तेल लावून घेता येते.

काजूबाग_वेंगुर्ले

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात याबद्दल ऋणी आहे. आर्मरर साहेबांनी सुचवलेली जुळणी मी पक्की करतो. कारागिरांशी बोललो, ब्ल्यूइंग ते स्वतः करतील आणि सिरॅमिकच्या लेपासाठी एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे कागदपत्रांसह शस्त्र पाठवतील. काम होऊन आल्यावर ते नीट झाले आहे हे माझ्यासारख्या सामान्य माणसाने कसे तपासावे?

मुलामा_अभियंता_पिंपरी

जुळणी चांगली आहे, आणि काळ्या रंगाची आपली अपेक्षाही त्यात पूर्ण होते. तपासणी कारागिरांच्या समोरच करावी. सहाही घरे रिकामी आहेत हे त्यांनी आणि आपण, दोघांनी पाहिल्यावर पहिली गोष्ट म्हणजे क्रमांक आणि चिन्हे भिंगातून वाचून आधीच्या छायाचित्रांशी ताडावीत. त्यानंतर नळी उघडून बंद करावी. खटका जोर न लावता पूर्ण बसला पाहिजे आणि बंद स्थितीत नळी वर-खाली हलता कामा नये. काम देण्यापूर्वी नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहून ठेवावी आणि नंतर सहाही घरांवर पुन्हा मोजावी. गॅरेजमध्ये असते तेच गेज चालते. आकडा बदललेला असेल किंवा घराघरांत फरक पडला असेल तर सिलिंडरच्या तोंडावर नको तो थर बसला आहे असे समजावे.

लेपाच्या कडा खटक्याच्या आणि बिजागरीच्या जवळ नखाने हलकेच तपासाव्यात. तिथे पापुद्रा सुटत असेल तर पृष्ठभागावर तेल राहिले होते, आणि ते काम परत करून घ्यावे. गरम ब्ल्यूइंग झाले असेल तर स्क्रूच्या डोक्यांभोवती आणि सांध्यांतून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पांढरट किंवा तांबूस क्षार बाहेर येतो का इकडे लक्ष ठेवावे. टाकीतले क्षार फटीत अडकून राहिले आणि उकळत्या पाण्याने पुरेसे धुतले गेले नाहीत तर असे होते. तसे दिसल्यास वाट न पाहता शस्त्र पुन्हा उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून तेल लावून घ्यावे. लेप भाजल्यानंतर पहिले काही दिवस त्यावर अमोनियायुक्त किंवा तीव्र द्रावक लावू नये; पुसायला साधे सुती फडके पुरते.